पुसलेलं गाणं

साठच्या दशकात खापर गावच्या बाजारात सरकारी प्रचाराची जीप यायची. टेपरेकॉर्डर सांभाळणारा धुळ्याकडचा माणूस माझ्या टपरीवर चहाला बसायचा. यंत्र सारखं फडक्याने पुसायचा. कुणी गायला लागलं की भोवतालच्यांना हात जोडायचा, "खोकू नका भाऊ, टेप थोडी शे." नवी टेप वरच्या ऑफिसातून मिळत नसे, जुनीवरच तो पुन्हा नवं रेकॉर्डिंग भरायचा.

एकदा सातपुड्यातून एक म्हातारा उतरून आला. होळीला त्याच्या बायकोचं गाणं टेप झालं होतं. नंतर ती वारली.

"तिले ऐकाड," तो मोडक्या अहिराणीत म्हणाला.

टेपवाल्याला खरं सांगवेना. त्याने टेप लावली. खतांवरचं साहेबांचं भाषण सुरू झालं. म्हाताऱ्याने ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"आते तिना नंबर कवय येई?"

"येवाव नही, बाबा. तिना गानावरच मी भाषण भरं."

म्हातारा फिरत्या चकरीकडे बघत राहिला.

"मंग ती खाले शे ना?"

 म्हातारा उठून जाईपर्यंत टेपवाल्याने यंत्र बंद केलं नाही.