पंखांमधल्या तारा

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी होसकोट्याला एका गोदामात होतो. आमच्या कंपनीची नवी यंत्रणा तिथे बसवायचं काम चाललं होतं आणि आवाज इतका होता की पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. बाहेर उभ्या ट्रकांच्या मधे येऊन मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “नीरज, आई गेली. सकाळी मावशी चहा घेऊन उठवायला गेली, तर उठलीच नाही...” आई म्हणजे माझ्या सासूबाई, कुसुमताई. भाचीच्या लग्नासाठी त्या निपाणीला गेल्या होत्या, हेब्बाळच्या थांब्यावर बसमध्ये मीच बसवून दिलं होतं. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता बोलायचं राहून गेलं.

सासरे गेल्यानंतर आई आमच्याकडे हेब्बाळला राहायला आल्या. निपाणीच्या असल्यामुळे कानडी येत होतं, पण ते त्यांचं तिकडचं कानडी. ते ऐकून सोसायटीतल्या बायका आधी हसल्या, मग महिन्याभरात सगळ्यांच्या त्या ‘अक्का’ झाल्या. माझ्याशी मात्र त्या जावयाशी बोलावं तशाच बोलत. मी “नीरजराव”, मी “तुम्ही”. मी सोफ्यावर येऊन बसलो की पसरलेले पाय जवळ घेत. “आई, मला अरे-तुरे करा हो,” असं कितीदा सांगितलं असेल! त्या हसून म्हणत, “जिभेला वळण नाही तसलं.”

ते विमान मी राजाजीनगरच्या एका दुकानातून आणलं होतं. एकावर एक दोन पंखांचं, फार जुन्या काळच्या घडणीचं, सुटे भाग जोडून तयार करायचं प्लास्टिकचं छोटं विमान. लहानपणी मला असलं काही कधी मिळालं नव्हतं. दुकानदारानं खोक्यावरची धूळ पुसत “स्वल्प हळेदु, सर” म्हणून जुनं असल्याचं बजावलं होतं, तरी मी हट्टानं घेतलं. घरी येऊन खोकं उघडलं आणि तोंडच उतरलं. पंख केळीच्या पानासारखे वळलेले. धडाचे दोन भाग एकमेकांना लावले की मधे नख जाईल एवढी फट. कडांना वितळून सांडल्यासारखं फालतू प्लास्टिक, वैमानिकाच्या जागी नुसता खड्डा, आणि चिकटवायची चिन्हं पिवळी पडून तुकडे झालेली. मी ते उचलून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात मेथीची जुडी घेऊन आई समोर बसल्या.

“नीरजराव, एवढं वाकडं विमान उडणार कसं?”

“उडायचं नाहीये आई. नुसतं ठेवायचं असतं.”

“मग तर सरळच पाहिजे. नुसतं बसून राहणाऱ्याकडे लोक जास्त बघतात.”

पंख सरळ करायला वाफ द्यावी, असं मी कुठेतरी वाचलं होतं. आईंनी इडलीपात्र काढलं. खालचा पंख वाफेवर धरला, आणि बघता बघता तो तळणीतल्या पापडासारखा गोळा व्हायला लागला. “अरे, अरे, काढ ना! काढ लवकर, हात भाजेल तुझा!” आई ओरडल्या. पंख वाया गेला. पण आम्ही दोघं ओट्याला टेकून इतके हसलो की मुग्धा आतून बघायला आली. तेव्हापासून मी “अरे नीरज” झालो. ठरवून नाही... जीभ एकदा घसरली ती बरेच दिवस परत वर गेली नाही.

नंतरचे कितीतरी शनिवार-रविवार त्या विमानात गेले. वरचा पंख कोमट पाण्यात बुडवून दोन जाड पुस्तकांमध्ये दाबून ठेवला, तो सरळ झाला. खालचा आम्ही आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून नवा कापला. वैमानिकाची खुर्ची आईंच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटातून झाली. फटींमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा भरायची. आई घासायला बसल्या की भान हरपे. एकदा शेपटीची कडच त्यांनी घासून सपाट केली आणि संध्याकाळपर्यंत मला दाखवलीच नाही. मला मात्र हळूहळू नाद लागत गेला. मी रात्रंदिवस मोबाइलवर असली विमानं बघायला लागलो, शहरात असली विमानं करणाऱ्यांचं एक मंडळ आहे हे शोधून काढलं, आणि त्यांच्या छोट्या प्रदर्शनात आपलं विमान ठेवायचं ठरवलं.

राहिल्या होत्या त्या तारा. असल्या विमानाचे वरचे-खालचे पंख तिरप्या, ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले असतात. मी दोरा आणून पाहिला, तो जाड दिसत होता. तेवढ्यात कामासाठी मला चेन्नईला जावं लागलं. परत आलो तर दारातच आई. “अरे, आधी बघ तरी!” टेबलावर विमान होतं आणि पंखांमध्ये बारीक चंदेरी रेषा चमकत होत्या. त्यांच्या केसांच्या. विंचरल्यावर निघणाऱ्या गुंतवळातून त्यांनी लांब, पांढरे केस निवडून काढले होते आणि चिमट्यानं एकेक चिकटवला होता.

मी “वा!” म्हणालो. पण वाकून बघितलं तेव्हा मला दिसलं ते गोंदाचे थेंब, सैल पडलेले दोन केस आणि चुकीच्या जागी गेलेली एक तार. प्रदर्शन त्याच रविवारी होतं. शनिवारी सकाळी आई तळ्याकाठी फिरायला गेल्या आणि मी ब्लेड घेऊन बसलो. केस कापला की अगदी बारीक ‘टिक’ व्हायचं. कापलेले सगळे ओल्या कागदानं टिपले, कचऱ्यात टाकले आणि लवचीक नायलॉनचा धागा ओवला. काम उत्तम झालं. आई आल्या, चप्पल काढून टेबलापाशी उभ्या राहिल्या. वाकून एकेक तार पाहिली.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम सुबक.”

ते ‘तुमचं’ माझ्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी निपाणीहून आणलेली ठेवणीतली साडी नेसून त्या प्रदर्शनाला आल्या. मंडळातले एक वयस्कर गृहस्थ आमच्या टेबलाशी थांबले, चष्मा वर करून म्हणाले, “तारा फार सुंदर ताणल्यात. कोणी केल्या?” मी म्हणालो, “मीच.” आणि ते खरंच होतं. आई शेजारीच होत्या. “हो, त्यांनीच केल्या,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून पुढच्या टेबलाकडे गेल्या. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, “नीरजराव, उद्या डब्याला काय देऊ?” तेव्हा कुठे ते ‘राव’ माझ्या कानाला लागलं.

त्यानंतर त्या रुसल्या नाहीत, गप्प झाल्या नाहीत. जेवायला वाढत होत्या, हसत होत्या. फक्त मी समोर बसलो की पुन्हा पाय जवळ घ्यायला लागल्या. मी रोज ठरवत होतो, आज बोलू. पण ‘आई, तुमचे केस कापायला नको होते,’ हे वाक्य तोंडातून कसं काढायचं? बसच्या थांब्यावरही म्हटलं, परत आल्या की बोलू. खिडकीतून त्या म्हणाल्या, “निघा आता तुम्ही, उशीर होईल.” मी निघालोसुद्धा.

निपाणीचं सगळं आटोपून आम्ही परत आलो. एका संध्याकाळी मी विमान खाली घेतलं, ब्लेड काढलं. मुग्धानं विचारलं, “काय करतोयस?” नायलॉनच्या तारा काढून टाकायच्या होत्या. मग मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, आईनं मनावर घेतलं नसेल. ती तसं म्हणाली नाही.

“लागलंच असेल तिला,” मुग्धा म्हणाली. “पण आता पुन्हा ब्लेड लावू नकोस त्याला. आई ज्याला छान म्हणाली, ते तरी राहू दे.”

विमान आता आईंच्या खोलीत आहे. घरून काम असलं की मी तिथेच बसतो. त्या खोलीत सकाळी ऊन येतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, त्या वेळी मी ऑफिसच्या वाटेवर असे. तळ्याच्या अंगानं येतं, खिडकीखालच्या टेबलावर पडतं आणि थोड्याच वेळात समोरच्या नव्या टॉवरमागे जातं. मग खोलीत दिवा लावला तरी बारीक काही दिसत नाही. मी चेन्नईला असताना आईंनी जे केलं, ते रोज एवढ्याच उन्हात केलं असणार. कसं केलं, हे मी त्यांना विचारलंही नव्हतं... परवा मी माझ्या डोक्यातला एक केस उपटून त्या उन्हात चिमट्यानं धरून पाहिला. आखूड होता, पण दिसत होता. तो पंखापर्यंत नेईपर्यंत ऊन सरकलं, आणि चिमट्यात काही आहे की नाही, तेही मला कळेना.