गणपतरावांच्या कवितेत वीररस नव्हता

चार मास्तर एका खोलीत बसले की खडू संपतो, किस्से संपत नाहीत! दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत लोणावळ्याच्या आमच्या शाळेत दर शनिवारी दुपारी कवितावाचन चालायचं. त्यातले निम्मे किस्से एकट्या गणपतरावांचे. हे आमचे ड्रिलमास्तर, टाकवे बुद्रुकचे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून आलेले.

हेडमास्तरांनी एकदा कविता वाचली : रणातलं मरण म्हणजे वीराचं लग्न! टाळ्या पडल्या. गणपतराव म्हणाले, "समदं खरं, सर. पर या वरातीतनं नवरदेव घरी येत न्हाई."

* * *

मग गणपतरावांनी स्वतःची वाचली :

"दगडावरती नाव कोरलं, हार घातला त्याला;
आई म्हणुनी हाका मारित चिखलामध्ये मेला."

हेडमास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "यात वीररस कुठं आहे?"

"रस कुटला, सर? तितं प्यायला पानी नव्हतं!"

* * *

गणपतरावांनी ती एका मासिकाला पाठवली. संपादक म्हणाले, "शेवटी एक जयजयकार घाला, लगेच छापतो."

"घालतो की. पर कुनाच्या तोंडी? त्यो तर मेलाय!"

कविता छापली नाही.

* * *

फौजेच्या भरतीचा गोरा साहेब शाळेच्या मैदानावर आला. गणपतरावांच्या छातीवर मेडल, म्हणून कवितेला त्यांनाच उभं केलं. आम्ही विनवलं, "ती कविता नको, नोकरी जाईल हो!" त्यांनी खणखणीत आवाजात तीच म्हटली. साहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यानं दुभाष्या कारकुनाला अर्थ विचारला. कारकुनाला दरदरून घाम!

"सर, ही इज रिमेम्बरिंग हिज मदर!"

साहेब खूश. "व्हेरी गुड! वन्स मोअर!"

गणपतरावांनी पुन्हा म्हटली. तेवढ्यात भरतीच्या रांगेतली चार पोरं रांग सोडून बेडशाच्या डोंगराच्या वाटेला लागली होती.

* * *

पुढं हेडमास्तरांचा थोरला मुलगाच फौजेत भरती झाला. स्टेशनवर अख्खी शाळा, हारतुरे. "सर, कविता!" म्हणून गलका झाला. सर पुढं झाले, आणि कविता सोडून खिडकीतल्या मुलाच्या गळ्यातला हार नीट करू लागले.

गणपतराव डब्याच्या खिडकीशी गेले. "बाळ, ड्रिलला मी तुला छाती पुढं काढायला शिकवलं. त्ये इसर. तितं डोकं खाली ठेवायचं. कळलं?"

"हो, गुरुजी."

गाडी हलली. आणि आमचे हेडमास्तर, एरवी वर्गातसुद्धा कधी आवाज न चढवणारे, धोतर सावरत गाडीबरोबर धावत सुटले. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत एकच ओरडत होते :

"डोकं खाली ठेव रे! डोकं खाली ठेव!"