अण्णांच्या चरित्रातून काढलेलं नाव

सीमाभागातलं आमचं शहापूर सोडलं त्या सकाळी माझी ट्रंक बसप्पामामांनी सायकलवरून स्टँडवर आणली होती. त्यांचंच नाव मी माझ्या हातानं पुसलं. हे आधी कबूल करतो, कारण तुम्ही गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी माझं ते लिखाण वाचून पाठ थोपटली आहे.

देशभरातल्या माणसांची चरित्रं जमवणारं एक संकेतस्थळ आहे. कुणीही लिहावं. मी अण्णांचं, माझ्या वडिलांचं, लिहिलं: शहापूरचे विणकर, सीमालढ्यात मराठीसाठी तुरुंगात गेलेले. ते आत असताना शेजारचे बसप्पामामा आमच्या हातमागावर बसले. जुन्या ताण्याला नवा जोडताना धाग्याला धागा पिळावा लागतो. मामा आणि आई समोरासमोर बसून पिळत. मामांच्या घरी कन्नड. पहिल्या मसुद्यात हे सगळं होतं.

निघताना अण्णा म्हणाले होते, "कुणी इचारलं तर शहापूरचा म्हण. तेवढं पुरं." पुण्यात मला ते कधी पुरलं नाही. "तुम्ही कानडी का हो?" ऐकलं की अजून अंग आखडतं. लढ्याच्या चरित्रात कन्नड शेजारी मला अडचणीचा वाटला. मी तो परिच्छेद काढला.

आता फोनला अण्णांचं नाव विचारलं की तो माझीच गोष्ट घडाघडा सांगतो. संकेतस्थळावर चरित्राच्या खाली कुणीतरी लिहिलंय, "कानड्यांना दाखवा हे."

मग गावाहून आक्काचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. "मामानं नातीकडनं दोनदा वाचून घेतलं. 'लई ब्येस लिवलंय' म्हणाला, आणि च्या न घेताच गेला रं."

त्याच दिवशी परिच्छेद परत घातला. पण जुनी नक्कल शंभर ठिकाणी पोचली होती. ती कुठून कुठून पुसणार? चैन पडेना. रविवारी गाडी काढली. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडताना अजून कळत नव्हतं, मी घरी चाललोय की घरातून.

मामा उंबऱ्यावर बसले होते. मला बघून हसले. "आलास व्हय पुणेकर? बस. एवढं तोंड पाडू नको. इसरला असशील रं, लई वर्सं झाली."

सुटायची वाट त्यांनीच काढून दिली होती. मी त्यांच्या पायाशी बसलो.

"विसरलो नव्हतो, मामा. तुमचं नाव लिहिलं होतं, आणि मीच काढलं. लाज वाटली मला. चुकलं माझं."