कोंबडीचं माप

टेलरबाईंना नवऱ्याच्या चोरीचा सुगावा शर्टाच्या बाहीवरून लागला. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला तळलेलं बंद केलं होतं आणि रोज संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. नवरा इमानेइतबारे चालायला जायचा, पण जायचा तो कोपऱ्यावरच्या चिकनच्या गाडीपर्यंत. परतला की उजव्या कफवर तेलाचा डाग.

"अहो, हे काय?"

"बसच्या दांड्याला हात लागला असेल."

"चालायला गेला होतात ना? मग बसमध्ये कशाला चढलात?"

निवृत्त बस कंडक्टर असलेल्या नवऱ्याने यावर पेपर उघडला आणि तोंड त्यात घातलं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पुन्हा छाती उघडायची वेळ आली तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी टेलरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांनी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, गाडीवाल्यालाही दम दिला. गाडीवाला म्हणाला, "मावशी, मी काकांना हाक मारत नाही. काकाच मला हाक मारतात."

अशात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची मुलगी दुकानात आली. तिला माणसाएवढी कोंबडी शिवून हवी होती. आत नट उभा राहणार, गळ्यात पाटी असणार: 'मला खाऊ नका, मिठी मारा.' नाटकांसाठी राजे, पऱ्या आणि एक अस्वल शिवलेल्या टेलरबाईंनी काम घेतलं. मात्र माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम. अस्वलाच्या वेळी त्या प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाला अर्धा दिवस चिकटून उभ्या होत्या. कोंबडी त्या मानाने सोपी. त्यांनी बाजारातून एक जिवंतच आणली. माप झालं की रविवारी बिनतेलाची शिजवू, असा दुहेरी हिशेब.

"धरा नीट," त्या हातात टेप घेऊन नवऱ्याला म्हणाल्या.

"धरलीय की. तूच टेप गार लावतेस, दचकते ती."

मान, छाती, पंखाचा घेर, शेपटीचा उतार. टेलरबाईंच्या हाताखाली फार दिवसांनी असं चुळबुळं गिऱ्हाईक आलं होतं. पिसांसारखं कापड मिळेना, त्यामुळे काम लांबलं. रविवार आला तरी पंखांचं माप पुन्हा तपासायचं होतं म्हणून कोंबडी राहिली. गॅलरीत चिंध्यांच्या टोपलीत तिचा मुक्काम पडला. सकाळी पेपर वाचताना ती नवऱ्याच्या चपलेवर येऊन बसू लागली.

"मॅडम, पुढे सरका," तो म्हणायचा. "दारात गर्दी नको."

मॅडम सरकायच्या नाहीत. नवरा पाय न हलवता चहा संपवायचा.

पोशाखाची पहिली फेरी निघाली ती नेमकी चिकनच्या गाडीसमोर. शिवण उसवली तर हाताशी असावं म्हणून टेलरबाई सुई-दोरा घेऊन उभ्या, शेजारी नवरा. लोक लोटले. बायकांनी मिठ्या मारल्या, कॉलेजच्या पोरांनी तुऱ्याला हात लावून फोटो काढले, आणि फोटो काढून सगळे गाडीसमोर रांगेत उभे राहिले. गाडीवाला घामाघूम. "ताई," तो संस्थेच्या मुलीला ओरडून म्हणाला, "ही कोंबडी रोज पाठवाल का? दुपारीच माल संपत आलाय!"

मुलीचा चेहरा पडला. तेवढ्यात गाडीवाल्याची नजर नवऱ्यावर गेली. "काका, शेवटचे दोन आहेत. नेहमीचं बांधू?"

आता बायकोसमोर बसच्या दांड्याची सबब चालणार नव्हती. नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कढईकडे.

"नको रे. सकाळी तिला दाणे घालून आलोय."

टेलरबाईंनी विश्वास ठेवला नाही. त्या पुढचे कित्येक आठवडे धुण्याआधी कफ उजेडात धरून पाहत होत्या. कफ स्वच्छ होता. खिसे उलटे केले की मात्र धान्याचे दाणे पडायचे. नवरा साधू झाला नव्हता. अंडं तो मजेत खायचा. "अंड्याशी माझी अजून ओळख झालेली नाही," असं त्याचं म्हणणं. वाफवलेला मासाही खायचा. मासा तर डॉक्टरांनीच सांगितला होता. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि विचारलं, "काय केलंत?"

"चालतो," नवरा म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

काही महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली, चेहरा जरा उतरलेलाच. "मावशी, खरं सांगा. त्या कोंबडीने एक तरी माणूस बदलला असेल का हो?"

"एक बदलला. आमच्याच घरात," टेलरबाई म्हणाल्या. "तुमची पाटी त्याने वाचली की नाही, ते मला ठाऊक नाही. पण तुम्ही काम घेऊन आला नसतात, तर कोंबडी घरात आली नसती. तुमचे उपकार आहेत, बाळ." आणि कधी नव्हे ते त्यांनी गिऱ्हाइकाचा हात हातात धरून ठेवला.

मुलगी उजळली. संस्थेने आता माशाचा पोशाख ठरवला होता. तीच पाटी, तीच मिठी.

आतून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, ऐकलंस का! मासा जिवंत घरी आणू नकोस हं. मग मी खायचं काय?"

टेलरबाई हसल्या नाहीत. त्याला मासा मानवला होता, आणि चपलेवर बसायला माशाला पाय नसले तरी या माणसाचा भरवसा नव्हता. त्यांनी टेप गुंडाळून खणात टाकली, खडूने अंदाजाने रेघ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माप न घेता कापडाला कात्री लावली. शिवलेला मासा पोटाशी जरा फुगला, कोंबडीसारखा. कोणी तक्रार केली नाही.