घटीपात्र्यांचं सुतक

गेल्या मार्चमध्ये, एका बुधवारी सकाळी, भोपाळच्या जवाहर चौकामागच्या दोन खोल्यांच्या घरात ते वारले. वय चौऱ्याहत्तर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. पत्नी आधीच गेलेली, एकुलती मुलगी पुण्यात. आडनाव घटीपात्रे. त्यांच्या समजुतीप्रमाणे या आडनावाचे ते जगातले शेवटचे गृहस्थ होते. ही समजूत चुकीची निघाली, आणि ती चुकीची निघाल्याचा त्यांना आनंद झाला नाही.

महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या हिंदी दैनिकाच्या कचेरीत ते दर शनिवारी अकरा वाजता येत. खुर्ची ओढायची, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "एक घटी बसतो." घटी म्हणजे चोवीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला ते उठत. चहा अर्धा असला तरी उठत.

आडनावाचा अर्थ त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितला. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटी झाली. ती वाटी म्हणजे घटीपात्र, आणि तिच्यावर नजर ठेवून बसणारा पूर्वज तो पहिला घटीपात्रे.

"आमच्या घराण्यानं दुसरं काही केलं नाही," ते म्हणत. "बघत बसले. पण नजर हटवली नाही."

मी पुरावा मागितला. कागद एकही नव्हता. आजोबा सांगायचे, एवढाच आधार. हे आजोबा शाळामास्तर होते आणि त्यांची सगळी नोकरी बैतूलकडच्या खेड्यांत झाली. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. चुलते नाहीत, भाऊ नाही, मुलगा नाही.

ते गप्पा मारायला येत नसत. आमच्या जिल्हा आवृत्त्यांत रोज उठावना म्हणजे शोकसभा आणि तेरवी यांच्या जाहिराती असतात. प्रत्येकीच्या तळाशी ठरलेली ओळ: शोकाकुल, समस्त अमुक परिवार. ते आठवड्याभरातल्या सगळ्या आवृत्त्या मांडून बसत आणि तेवढी शेवटची ओळ वाचत. एखादं घटीपात्रे कुटुंब कुठेतरी असेल तर त्यांच्याकडे कधीतरी कोणी मरेलच, असा त्यांचा हिशेब.

काउंटरवरचे मिश्राजी त्यांना आत शिरतानाच सांगत, "बाबूजी, इस हफ़्ते भी आपके यहाँ का कोई नहीं मरा."

"बढ़िया," ते म्हणत. चेहरा मात्र पडलेला असे.

सापडले तर काय करणार, असं मी एकदा विचारलं.

"अहो, माणूस गेला की भाऊबंद दहा दिवस सुतक पाळतात. माझी मुलगी लग्न झालेली, तिला तीन दिवस. चौथ्या दिवशी ती पुण्यात कामावर हजर. माझे उरलेले सात दिवस कोण पाळणार, तुम्ही?"

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"मला कोणाचं काही नको. एका घरात माझ्यासाठी देवापुढचा दिवा दहा दिवस बंद राहिला पाहिजे. एका घरात. नाहीतर आपण गेलो हे कळायचं कसं?"

शोध त्यांनी सगळीकडे घेतला होता. नागपूरची जुनी टेलिफोन डिरेक्टरी पाहून झाली. नाशिकच्या उपाध्यांकडे जाऊन नामावळीची चोपडी पाहिली. तिथे फक्त आजोबांची सही होती. मग पुण्याच्या नातीने आडनावांची माहिती देणारी एक वेबसाइट शोधून दिली. तिचा कागद छापून ते माझ्याकडे घेऊन आले.

"वाचा. मूळ पंजाब. शुभ रंग पिवळा. आणि हे आडनाव लावणारे लोक किती? शून्य." त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली. "म्हणजे मी त्या शून्यात बसतो."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बैतूल आवृत्तीत ती जाहिरात आली. मुलताईजवळच्या एका गावातली म्हातारी वारली होती. तळाला: शोकाकुल, समस्त घटीपात्रे परिवार. मी फोन केला. ते वीस मिनिटांत आले आणि उभ्यानेच वाचलं. घड्याळ काढलं नाही, बसले नाहीत, चहा नको म्हणाले. मला वाटलं ते लगेच जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावतील. त्यांनी तसं केलं नाही. घरी गेले, डोक्यावरून अंघोळ केली आणि सुतक धरलं.

"आधी चौकशी तर करा," मी फोनवर म्हणालो.

"सुतकात चौकशी करतात काय? ऐकलं की लागतं." त्यांनी फोन ठेवला.

न पाहिलेल्या बाईसाठी त्यांनी दहा दिवस पूजा बंद ठेवली. शेजारच्या मराठी घरी सत्यनारायण होता, तिथला प्रसाद परत केला. "आमच्यात गेलंय एक माणूस," असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितल्याचं मला नंतर कळलं. तेरवीला मी त्यांच्याबरोबर मुलताईच्या बसमध्ये बसलो. मला बातमी मिळेल अशी आशा होती.

गावात एक पूर्ण गल्ली घटीपात्र्यांची होती. सतरा घरं. मृत बाईचे थोरले दीर पुढे आले. यांनी आजोबांचं नाव सांगितलं, तसे ते एकदम खाली वाकले. यांनी पाय मागे घेतले.

"मास्तरजींचे नातू! बसा जी, बसा. त्यायच्यामुळंच तं आमाले नाव हाय."

"म्हणजे?"

"आमच्या बापाले आडनावच नव्हतं जी. शाळेत घातलं तं मास्तरजीनं इचारलं, आडनाव काय? बाप गप. मंग मास्तरजीनं आपलंच देऊन टाकलं. साऱ्या पोरायले."

यांनी मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. मग विचारलं, "आणि गोत्र?"

"लग्नात बामण इचारते तं मास्तरजीचंच सांगतो."

पंगतीत त्यांना पहिल्या पाटावर बसवलं. त्यांनी घड्याळ काढून पानाशेजारी ठेवलं. वाढपी बुंदी वाढून गेला, भाजी वाढून गेला. चोवीस मिनिटं झाल्यावर ते उठले. पानातली बुंदी तशीच होती.

निघताना म्हाताऱ्याने पत्ता मागितला. "काही बरंवाईट झालं तं कळवा जी."

"कळवण्यासारखं काही नाही," ते म्हणाले.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, आजोबांनी असं का केलं असेल?

"का म्हणजे? रजिस्टरात रकाना असतो. तो रिकामा दिसला की तपासनीस साहेब ओरडणार. भरला. झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "तीस वर्षं शोधले हो मी. तीस वर्षं. आणि निघालं काय, आजोबांचं हस्ताक्षर."

"पण आडनाव तर तेच आहे."

"आडनाव असेल. भाऊबंद नव्हेत. माझे दहा दिवस फुकट गेले." बैतूल मागे पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "हे छापू नका."

मी छापलं नाही. त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. मिश्राजींनी दोन-तीन शनिवारी त्यांची खुर्ची रिकामी ठेवली, मग तिच्यावर जाहिरातींच्या फायली आल्या. जवाहर चौकात मला ते दोनदा दिसले. पहिल्यांदा मान हलवली. दुसऱ्यांदा तीही नाही.

ते गेल्याची जाहिरात द्यायला मुलगी आली. शोकाकुल या शब्दापुढे तिने सासरचं आडनाव लिहिलं. फॉर्मवर फक्त भोपाळ आवृत्तीवर खूण केली. मी ती बैतूल आवृत्तीतही लावली. तिला विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती पुण्याला परतली.

जाहिरात छापल्याच्या अकराव्या दिवशी मी मुलताईजवळच्या त्या गावात फोन केला. म्हाताऱ्या दिरांनी सांगितलं की ती त्यांनी आली त्याच दिवशी वाचली होती. मी आणखी दोन घरांकडून खात्री करून घेतली. गल्लीतल्या सतराही घरांत देवापुढचा दिवा दहा दिवस बंद होता.