ढिगाची ऊब

कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, आणि त्या ढिगांवर बोली लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बोलीला ओरडावं लागतं, म्हणून माझा आवाज मोठा. आणि रोज ओरडून ओरडून माणूस चिडकाही होतो, निदान माझी बायको तरी तसं म्हणते. आमच्याकडे माल घेण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहायची रीत आहे. आत गार लागलं तर माल चांगला. ऊब लागली की समजायचं, माल तापला, खाली कुठेतरी सडायला सुरुवात झाली. ढिगातली ऊब म्हणजे नुकसान, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. माझी चौथीतली लेक सुटीच्या दिवशी कधी कधी माझ्याबरोबर बाजारात येते, तेव्हा तीही बाही वर सारून ढिगात हात घालते आणि मोठ्या व्यापाऱ्यासारखी दुसरीकडेच बघत उभी राहते.

तर गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ही बया शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, “बाबा, मले सडलेले संत्रे पाहिजे. पोतंभर.”

“काहून वं? शाळेत दुकान टाकून राहिली का?”

“ढीग तापवायचा आहे आम्हाले.”

मी हसलो. मग चिडलो. आम्ही राहतो शहराच्या टोकाला, बेसा भागात, शाळाही तिथेच, आणि फी काही कमी नाही. तिथे पोरांना कचरा करायला शिकवतात की काय, या तोऱ्यात मी दुसऱ्या दिवशी पोतं स्कूटरवर टाकून स्वतःच गेलो. मॅडमना चार शब्द सुनवायचे, असं ठरवूनच.

शाळेच्या मागच्या अंगणात विटा रचून केलेल्या चौकोनात पोरांनी ढीग घातला होता. कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापलेलं गवत, शेण, कुणाकुणाच्या घरची भाज्यांची सालं. त्यात एक लोखंडी सळई खुपसून ठेवलेली. मॅडमनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, सळई ओढून काढली आणि म्हणाल्या, “धरून पाहा, भाऊ.” मी धरली. चहाच्या ग्लासासारखी गरम होती. डिसेंबरची सकाळ, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि विस्तव नाही, वीज नाही, तरी त्या कचऱ्याच्या पोटात एवढी ऊब.

“आत कोण आहे?” मॅडमनी पोरांना विचारलं.

“बारके बारके जीव!” सगळी एका सुरात ओरडली. बोलीला शोभेल असा आवाज होता.

“ते काय करून राहिले?”

“जेवून राहिले!”

पुढचं मला लेकीनं घरी येऊन समजावलं. उन्हातून पान होतं, पान ते जीव खातात, आणि खाल्लेलं सगळं काही त्यांच्या अंगाला लागत नाही. बरंचसं जगण्यातच खर्च होतं, त्याची ऊब होऊन निघून जाते. वाढायला उरतं ते थोडंसं. गाईचं तसंच, वाघाचं तसंच, आपलंही तसंच. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात उन्हाशिवाय दुसरा विषय नव्हता. पोळी म्हणजे ऊन. दूध म्हणजे गाईनं खाल्लेलं ऊन. घरातला दिवा म्हणजे शिळं ऊन, कारण वीज मौद्याच्या वीजकेंद्रातून येते, तिथे कोळसा जळतो, आणि कोळसा म्हणजे फार जुनं जंगल. माझी आई गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, “मग माझ्या गुडघ्यात काहून नाही येत वं ते ऊन?” लेकीनं गंभीरपणे सांगितलं की मॅडमना विचारून सांगते.

मध्ये शाळेला तीन-चार दिवस सुटी आली. सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी लेक रडतच घरी आली. सळई गार निघाली होती. “ढीग मेला,” एवढंच म्हणत होती. मी, बायको, आई, तिघांनी समजूत काढली, पण उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उड्या मारत आली. मॅडम म्हणाल्या होत्या, मेला नाही, उपाशी आहे. सगळ्यांनी मिळून ढीग वरखाली केला, पाणी शिंपडलं, नवं खाणं टाकलं. मीही मुकाट्यानं आणखी एक पोतं पाठवलं. दोन दिवसांनी सळई तापली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

बायको तेव्हा गरोदर होती. त्याच महिन्यात माझा मुलगा जन्माला आला, यायच्या वेळेच्या बराच आधी. बायकोचं ऑपरेशन करावं लागलं. पोरगा एवढा हलका की आमच्या बाजारात त्याहून जड पपई मिळते. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला वायर. सुरुवातीचे दिवस निभावले, पण वजन वाढेना, उलट उतरायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की याला स्वतःची ऊब धरता येत नाही. नळीतून जे दूध देतो ते सगळं अंग गरम ठेवण्यातच संपतं. वाढायला काही उरत नाही. मी मान हलवली. हे कुठेतरी आधी ऐकलं आहे असं वाटलं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

उपाय सोपा होता. रोज काही तास पोराला पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण घालायचं. अंगाची ऊब अंगाला. पण बायकोला ऑपरेशननंतर ताप भरला होता, तिला पोराजवळ जाऊ देत नव्हते. सिस्टर मला म्हणाल्या, “भाऊ, मग तुम्ही या.”

मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतात की काय.

हात घासून धुतले, टोपी घातली, शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसलो. सिस्टरनी माझ्या छातीला हात लावला आणि म्हणाल्या, “तुम्ही तर गारच पडले, भाऊ.” आदल्या दिवसापासून माझ्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं, घास उतरतच नव्हता. त्यांनी पोराला माझ्या छातीवर ठेवलं. त्याचे पाय माझ्या पोटाला लागले, थंडगार. समोरची भिंत हलतेय असं वाटलं. “घ्या, घ्या याले, पडेन माझ्या हातून,” मी कसंबसं म्हटलं. सिस्टरनी झटकन त्याला उचलून पुन्हा पेटीत ठेवलं.

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मला माझी लाज वाटली, पण भीती तिच्याहून मोठी होती. संत्र्यांनी भरलेले क्रेट उचलणारे हे हात, आणि यांना आपलं मूल धरवत नाही. हा पोरगा जाईल, हे इतके दिवस मनाच्या कडेला ठेवलेलं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा पुरतं म्हटलं.

तेवढ्यात ऑटोतून आई आणि लेक उतरल्या. आई डब्यांची पिशवी लेकीच्या हातात देऊन सुनेला बघायला आत गेली. लहान मुलांना आत सोडत नव्हते, म्हणून लेक माझ्याजवळ पायरीवर बसली.

“बाळाले ऊब आली का, बाबा?”

“नाही वं. सिस्टरनं मले धरायला दिला होता. माझ्याच अंगात ऊब नाही, तर त्याले कुठून येईन?”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. “तुम्ही कधी जेवले?”

मी डब्यांची पिशवी बाजूला सारली.

“मग कसं होईन?” ती म्हणाली. “ढिगाले खाणं टाकलं नाही का तो थंडच पडते ना, बाबा.”

“मले भूक नाही, बेटा.”

“ढिगाले कोणी विचारते का, भूक आहे का म्हणून?”

तिनं डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. मी पहिला घास तोंडात घातला आणि मला रडू आलं. बापानं लेकीसमोर रडू नये असं मी मानत आलो होतो, पण त्या दिवशी ते जमलं नाही. ती घाबरली नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, “रडा, पण जेवा.” दुसरा घास गेला, तिसरा गेला, आणि मग एकदम लक्षात आलं की मला सपाटून भूक लागली आहे. पायरीवर दुपारचं ऊन आलं होतं. ती हनुवटी गुडघ्यांवर ठेवून एकेक घास बघत होती. भाताचं शेवटचं शीतसुद्धा तिनं मला सोडू दिलं नाही.

डबा संपल्यावर तिनं माझ्या स्वेटरची चेन खाली ओढली, बाही वर सारली आणि हात आत घालून माझ्या छातीवर ठेवला. दुसरीकडे बघत, तसाच थोडा वेळ धरून ठेवला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मी श्वास रोखून बसलो होतो.

“तापला,” ती म्हणाली. “जा आता.”

मी आत गेलो. पुन्हा हात धुतले, पुन्हा बटणं काढली. सिस्टरनी पोराला माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल लपेटली. पाय आधी थंडच लागले. मी हललो नाही. नंतर कधीतरी लक्षात आलं की ते पाय कुठे आहेत हे आता मला कळतच नाही, माझ्या पोटाएवढेच गरम झाले होते. पोरगा झोपला. मी संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसलो होतो, जे माझ्या बायकोला सांगूनही खरं वाटलं नाही.

मग मी रोज जात राहिलो, रोज जेवून. वजन आधी उतरायचं थांबलं, मग हळूहळू चढू लागलं. बायकोचा ताप गेल्यावर तिनं त्याला पहिल्यांदा छातीशी घेतलं, हुंगलं, आणि रडता रडता माझ्यावर चिडली की पोराच्या अंगाला संत्र्यांचा वास येतोय.

आता तो घरभर रांगतो आणि हाताला लागेल ते फेकतो. बाजारातून आल्यावर मी त्याला उचलायला गेलो की लेक अभ्यासातून मान वर करते. “जेवले ना, बाबा?” विचारते. मी “जेवलो वं,” म्हणतो. जेवलो नसलो, तर त्याला खाली ठेवतो आणि आधी ताटावर बसतो.