आधीचे शब्द

शाळेत तो बाकावर बोटांनी ठेका धरून नाकातल्या नाकात गुणगुणत बसायचा, म्हणून मुलांनी त्याला तुणतुण्या म्हणायला सुरुवात केली. पुढे केस पिकले, दाढा पडल्या, पण ते नाव काही पडलं नाही.

तुणतुण्यानं काय केलं नाही? लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकली. ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवलं. नाटक कंपनीत पडद्यामागे बसून वादळ आणि घोड्याच्या टापा काढल्या. दंतमंजनाच्या जाहिरातीला चाल लावली, रेडिओवर लहान मुलांसाठी बेडूक झाला. कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या चार ओळी लिहून द्यायचा, कुणी वारलं की दगडावर कोरायला दोन. स्वतःच्या कवितांची पुस्तकंही काढली. त्यातल्या दुसऱ्या पुस्तकाचे गठ्ठे अजून पलंगाखाली होते आणि केर काढताना आडवे यायचे. सासरे असेपर्यंत दर भेटीत विचारायचे, "जावईबापू, ते सगळं झ्याक आहे. पण तुम्ही करता काय?"

घर चालायचं ते बायकोच्या शिलाई मशीनवर. खोली एकच. खिडकीशी मशीन, पलंगावर अकॉर्डियन. तिनं पायडल मारलं की त्याला लय सापडायची, आणि ती थांबली की हा वैतागायचा. "अगं, मार की पायडल!" "कापड संपलं, आता तुमचं धोतर शिवू का?" धोतर तो जन्मात कधी नेसला नव्हता.

त्याची काम करायची एक रीत होती. चाल आधी सुचायची, शब्द मागून. पण नुसती चाल ध्यानात राहत नाही, म्हणून समोर दिसेल ते तिच्यात कोंबायचं. चप्पल, बादली, घरमालक, काहीही. चाल पक्की झाली की हे कच्चे शब्द टाकून द्यायचे आणि खरी कविता लिहायची. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसंच. परांची कुणी जपून ठेवत नाही.

त्याचं एकच गाणं गाजलं, होडीचं. चांदणं, थकलेली वल्ही, दूरचा दिवा. शाळांच्या निरोपसमारंभात ते अजून म्हणतात आणि मुली रडतात.

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मशीनवर कुणाचा तरी कोट अर्धवट राहिला होता. महिनाभरानं तिला थोडं बोलता यायला लागलं, जडजड, एकेक शब्द ओढत. तो तिला उशाशी बसून भरवायचा. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, ते गाणं म्हणा."

त्याला बरं वाटलं. त्यानं अकॉर्डियन काढलं, भाता उघडला आणि होडीचं गाणं सुरू केलं. तिनं चांगला हात हलवून त्याला थांबवलं.

"हे नको. आधीचं."

"आधीचं कुठलं?"

"याच चालीचं. दूध बघ गं..."

त्याला हसू आलं. "अगं, ते काय गाणं होतं? नुसती भर होती ती."

"दूध बघ गं, उतू चाललं," ती म्हणाली. मग दम घेऊन, "काज कुणाचं, बटण कुणाचं. मधली ओळ सापडत नाही. दातात काही अडकल्यासारखं झालंय."

"होडीचं चांगलं आहे की. लोक रडतात."

"रडोत. त्या होडीत माझं काय आहे?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्या आधीच्यात आपली खोली होती. मला ते एकदा अख्खं ऐकायचंय."

त्यानं दिवसभर चाल वाजवून पाहिली. पहिली ओळ यायची, तिसरी यायची, मधे नुसते सूर. संध्याकाळी जाहिरातवाल्याची सवय कामी आणून त्यानं एक ओळ बनवली, बेमालूम. तिनं ऐकली आणि मान हलवली. "ही नाही. खोटी आहे."

ती चाल बसवली तेव्हा खोलीत आणखी एकच माणूस होता, ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला. तो आता गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायचा. मुलीला आईपाशी बसवून तुणतुण्या सकाळच्या बसनं निघाला.

ड्रमवाला दारातच ओरडला, "तुणतुण्या! जिवंत आहेस होय रे?" सगळं ऐकल्यावर मात्र त्याचा आवाज उतरला. त्यानं टेबलावर बोटांनी ठेका धरला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "मधली ओळ तू कधी गायलाच नाहीस."

"म्हणजे?"

"दूध खरंच उतू चाललं होतं, गाढवा. तू गाता गाता ओरडलास, आणि वहिनी मशीनवरून ओरडल्या, 'आले आले, दोरा तुटला.' बरोब्बर तालात! आपण हसून पालथे पडलो. मग जितक्या वेळा घेतलं, तितक्या वेळा तू जागा सोडायचास आणि वहिनी ओरडायच्या. वहिनींना वाटायचं, ही नुसती थट्टा चाललीय, गाण्यातली ओळ नव्हे."

परतीच्या बसमध्ये तुणतुण्या ती ओळ ओठांतल्या ओठांत घोकत राहिला.

दार मुलीनं उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "दुपारी पुन्हा झटका आला, बाबा. डॉक्टर येऊन गेले. आता हलवून उपयोग नाही म्हणाले. वाचा गेलीय. ऐकू येत असेल, म्हणाले."

त्यानं चप्पलही काढली नाही. अकॉर्डियन गळ्यात अडकवलं, तिच्या तोंडाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "दूध बघ गं, उतू चाललं."

आणि थांबला. एका ओळीपुरते सूर एकटेच वाजत गेले. तिचे डोळे उघडे होते, त्याच्यावरच होते. ओठ हलले नाहीत. त्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथंच थांबला.

"बाबा, पुढे म्हणा ना," मुलगी म्हणाली. "ओळ सापडली नाही का?"

"सापडली," तो म्हणाला. "पण ती माझी नाही."

मुलीला काही कळलं नाही. ती उठून कोपऱ्यातला गॅस बघून आली. गॅस बंदच होता. पलंगापाशी अकॉर्डियनचा भाता उघडत होता, मिटत होता, आणि तो पुन्हा पहिल्या ओळीवर आला होता.